पिशवीचा हिशेब

(संस्थेच्या शिवणवर्गाच्या प्रमाणपत्र वितरण समारंभात वर्गाच्या शिक्षिकेने केलेले भाषण)



आज ज्या भगिनींना प्रमाणपत्रे मिळाली त्यांत कोणी विधवा आहेत, कोणाचा तलाक झाला आहे, तर कोणाच्या नवऱ्याने घराकडे पाठ फिरवली आहे. साऱ्याजणींच्या पदरी मुले आहेत. तीन महिन्यांत त्या बाजाराच्या कापडी पिशव्या शिवावयास शिकल्या.

पिशवीच का, असे पुष्कळजण विचारतात. फ्रॉक किंवा कमीज शिवायचे तर गळा, बाही, मापे यांत फार दिवस जातात. पिशवीला सरळ टीप पुरते. शिवाय तिला मागणी आहे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली. देशभरातही ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशवी चालत नाही.

छत्तीस इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडात दोन पिशव्या बसतात. पंधरा इंच रुंदीचे दोन तुकडे घ्यावेत आणि उरलेल्या पट्टीचे चार बंद करावेत. तुकडा मधोमध दुमडला की तळाला शिवण येत नाही. मग तांदळाच्या वजनाने तळ उसवण्याची भीतीही नाही. बंद जोडताना चौकोनी टीप मारून वर फुली मारावी. पिशवी फाटते ती बहुधा तेथेच.

इतके आम्ही पहिल्या महिन्यातच शिकविले. खरा धडा मात्र आम्हांलाच पुढे मिळाला.

वर्गातील एका भगिनीने एका व्यापाऱ्याकडून कापलेले कापड घरी आणले. मजुरी पिशवीमागे चार रुपये. दिवसभर मशीन चालवून तिच्या चोवीस पिशव्या होत, म्हणजे हातात शहाण्णव रुपये. त्यातूनच दोरा, सुई आणि तेल. भागेना, म्हणून आठवीतली मुलगी बंद दुमडायला बसू लागली. आधी रात्री, मग सकाळी. शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे खाडे दिसू लागले, तेव्हा कोठे आम्हांला कळले.

त्या दिवसापासून वर्गात वही आली. समजा, कापड तीस रुपयांचे, दोरा-सुई-तेल दोन रुपयांचे. दिवसाला चारशे रुपये सुटावयाचे असतील तर एका पिशवीची मजुरी सुमारे सतरा रुपये. म्हणजे पिशवी एकोणपन्नास रुपयांच्या खाली द्यावयाची नाही. ज्यांनी कधी पाटीवर आकडे गिरवले नव्हते, त्यांनी हे गणित आठवड्यात पाठ केले. सातजणींनी मिळून कापड आणले व दुकाने पालथी घातली. दोन दुकानदारांनी नकार दिला. तिसऱ्याने पन्नास पिशव्या ठेवून घेतल्या. ती मुलगी आता नववीत आहे.

बंधू-भगिनींनो, हाताच्या कामात कमीपणा नाही. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्त जहश (र.अ.) स्वतः चामडे कमावीत, शिवीत आणि त्या कमाईतून खैरात करीत. शिवणारी बाई ही केवळ घेणाऱ्यांच्या रांगेतली नसते, देणाऱ्यांतलीही असते. म्हणून माझी विनंती एवढीच की, या भगिनींकडून पिशवी घेताना सवाब म्हणून दोन रुपये जास्त देऊ नका आणि ओळखीची म्हणून पाच रुपये कमीही करू नका. ठरलेली किंमत द्या. शिवण उसवली तर परत आणून दाखवा. ती दुरुस्त करून देणे आमचे काम आहे.

आणि माझ्या भगिनींनो, मशीन तुम्ही चालवा. मुलीच्या हाती पुस्तकच राहू द्या.

खुदा हाफिज. जय हिंद.