सुईच्या टोंकाखालचें बोट



आजचा विषय इतका लहान आहे कीं, तो ऐकून आपल्यापैकीं कित्येकजणी हंसतील. हातानें शिवतांना बोटाला सुई टोंचूं नये म्हणून काय करावें, एवढाच तो आहे. मात्र जिनें एकदां तरी पांच पदरी वाकळ स्वतः शिवली असेल, ती हंसणार नाहीं.

माझी मावशी मालवणास असते. वय सत्तरीच्या पुढें. जुनीं, धुऊन धुऊन मऊ झालेलीं सुती लुगडीं एकावर एक अंथरून ती त्यांवर धावदोऱ्याच्या ओळी घालते. त्या किनाऱ्यावर वर्षाकांठीं पुष्कळ पाऊस पडतो आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. अशा दमट दिवसांत जाडजूड पांघरूण वाळतच नाहीं. पातळ थरांची वाकळ मात्र चुलीच्या उबेवरहि सुकते. घरांत नवें मूल यावयाचें असलें कीं त्याच्याखालीं घालण्यासाठीं दुसरें कांहीं तिला पटत नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं तिच्या डाव्या तर्जनीला सुई टोंचली. मधुमेहामुळें बोटांची जाणीव आधींच मंदावलेली. टोंचल्याचें तिला कळलेंहि नाहीं. बोट पिकलें, तीन आठवडे औषधपाणी चाललें, आणि शिवण कायमचें बंद करावें असा डॉक्टरांचा सल्ला पडला. मावशीनें निमूटपणें मान हालविली आणि चौथ्या आठवड्यांत ती पुन्हां दोऱ्याला मेण लावूं लागली. तेव्हां तिला थांबविण्याचा नाद सोडून तिचें बोट कसें वांचवावें, याच्या मागें मी लागलें.

प्रथम अर्थातच अंगुस्तान. शब्द फारसी, अंगुश्त म्हणजे बोट. पण बोटाला कवच घालण्याची कल्पना आपल्याकडे त्याहून पुष्कळ जुनी आहे. रामायणाच्या बालकांडांत विश्वामित्रांबरोबर निघालेल्या रामलक्ष्मणांच्या बोटांवर अंगुलित्राणें आहेत, आणि तीं गोधेच्या, म्हणजे घोरपडीच्या, कातड्याचीं आहेत. धनुष्याच्या दोरीपासून बोटें राखावयाचीं तीं. गोधा आणि गोधडी यांचा संबंध जोडण्याचा मोह मीं आवरला आहे. आणि घोरपडीला १९७२ च्या कायद्यानें संरक्षण असल्यामुळें तो मार्ग तसाहि बंदच.

बाजारांतून मीं पितळेचें बंद टोपण आणलें. मावशीनें तें डाव्या तर्जनीवर चढविलें, चार टांके घातले आणि काढून ठेवलें. म्हणाली, "गो बाय, ह्यां टोपण माका नको. सुई खंय गेली तां बोटाक कळाक नको?"

या एका प्रश्नानें माझी चूक मला दिसली. शिवतांना दोन हातांचीं बोटें दोन अगदीं निराळीं कामें करतात. उजव्या हाताचें मधलें बोट सुईचें बूड रेटतें. तेथें कठीणपणा पाहिजे. डावें बोट कापडाखालीं राहून टोंकाची वाट पाहतें आणि तें वर परतवितें; तेथें स्पर्श पाहिजे. मावशीच्या बोटाला मुळांत थोडेंच कळत होतें, तेंहि मीं पितळेखालीं झांकून टाकलें होतें.

उजव्या बोटाचा प्रश्न त्या मानानें सोपा. शिंप्याचें अंगुस्तान आपण पाहिलें असेल. त्याला माथा नसतो. तें नुसतें खळग्याखळग्यांचें कडें असतें. शिंपी बोटाच्या अग्रानें रेटीत नाहीं, बोटाच्या बाजूनें रेटतो, आणि वरून मोकळें असल्यामुळें बोटाला वारा लागतो. मालवणच्या मे महिन्यांत बंद टोपणांत इतका घाम सुटतो कीं, तें दर दहा टांक्यांनीं घसरतें. मावशीला हें कडें मानवलें. कोणी हौसेनें चांदीचें करवून घेतात. पण चांदी मऊ, तिला सुईचीं भोंकें पडतात. याच अडचणीवर इंग्लंडांत चार्ल्स हॉर्नर यानें १८८४ सालीं चांदीच्या दोन पत्र्यांमध्यें पोलाद घालण्याची युक्ति काढली होती. जपानांत सशिकोच्या शिवणकामांत लांब सुई असते, म्हणून कडें बोटाच्या मुळाशीं घालून सुई तळहाताच्या जोरानें सारतात. जहाजांचीं शिडें शिवणारे युरोपांतले कारागीर तर तळहातालाच चामड्याचा पट्टा बांधून त्यांतल्या धातूच्या चकतीनें सुई लोटीत. काम जितकें जाड, तितका जोर बोटाच्या टोंकाकडून तळहाताकडे सरकतो.

कडें घेतांना तें संध्याकाळीं घालून पाहावें. दिवसभराच्या कामानें आणि उकाड्यानें बोटें किंचित् सुजतात. सकाळीं बेताचें वाटलेलें कडें तिसऱ्या प्रहरीं रुतूं लागतें. हात खालीं करून झटकला तरी पडूं नये, आणि काढल्यावर बोटावर वळ राहूं नये, एवढी परीक्षा पुरे.

खरी पंचाईत डाव्या बोटाची. औषधाच्या दुकानांतली चिकटपट्टी घामानें सुटली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा जाड पडला. पण तो अगदींच वायां गेला नाहीं, कारण थरांत अडकलेली सुई ओढून काढावयास त्याच्यासारखी पकड नाहीं. शेजारीण काजू सोलण्यास जाते. टरफलाच्या तेलानें कातडी जळूं नये म्हणून बोटांना राख चोळतात, तशी हिनेंहि चोळावी, असें तिनें सुचविलें. राखेनें सुई अडत नाहीं, हें तिला पटवितांना पुरे झालें.

शेवटीं एक जुनी, वापरून मऊ झालेली चामड्याची पैशांची पिशवी कापली. तिच्या पातळ अस्तराची तर्जनीच्या अग्रापुरती टोपी शिवली. शिवण नखाच्या बाजूस घेतली, नाहींतर ती बोटाला बोंचते, आणि नखाचें टोंक उघडें ठेवलें. आतां सुई चामड्याला लागली कीं दाब कळतो, टोंक मात्र आंत शिरत नाहीं. पुष्कळदां तें नखावरूनच सरकून वर येतें. पावसाळ्यांत या टोपीला बुरशी येते, म्हणून ती रात्रीं चुलीपासून अंतरावर वाळवावी. भोंक पडलें कीं टाकून द्यावी.

त्याबरोबर सुईहि बदलली. हातसुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, हें पुष्कळजणींना ठाऊक नसतें. मावशीची दाभणासारखी सुई जाऊन आंखूड, बारीक सुई आली आणि पांच पदरांचे तीन झाले. याला मात्र ती सहजासहजीं कबूल झाली नाहीं. तीन पदरांना ती अजूनहि वाकळ म्हणत नाहीं, "फडको" म्हणते.

डॉक्टरांना ती टोपी आम्हीं नेऊन दाखविली. त्यांनीं उलटीसुलटी करून पाहिली आणि एकच अट घातली: रोज शिवण संपल्यावर दहाहि बोटें दुसऱ्या कोणीतरी उजेडांत नीट पाहावींत, कारण तिचें तिला कळणार नाहीं. हें काम आतां तिच्या नातसुनेकडे आहे. तिला सातवा महिना लागला आहे. संध्याकाळीं दिवा लागला कीं ती मावशीचे हात मांडीवर घेऊन एकेक बोट दाबून पाहते, आणि तेवढा वेळ अर्धी शिवलेली वाकळ दोघींच्या पायांवर पसरलेली असते.