पंखा लावताना

घरात नवा पंखा लावायचा म्हणजे पहिलं काम मेन स्विच बंद करण्याचं. भिंतीवरचं बटण बंद केलं एवढ्यावर विसंबू नका. वायरिंग चुकीचं असेल, तर बटण बंद असूनही वायरीत वीज असते. टेस्टरने खात्री करा.

मग स्लॅबमधला हूक नीट पाहा. जुन्या घरांत, विशेषतः कोकणच्या दमट हवेत, तो गंजून झिजलेला असतो. पंखा चार-पाच किलोचाच, पण फिरताना तो हुकाला सतत हादरे देतो. झिजलेला हूक बदलूनच घ्या. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला पंखा कधीही टांगू नका.

दांडीच्या दोन्ही टोकांच्या बोल्टमध्ये कॉटर पिन घालून तिची टोकं फाकवलीच पाहिजेत. नट हादऱ्यांनी सैल झाला, तरी ही छोटी पिन बोल्ट निसटू देत नाही. घाईत नेमकी तीच राहून जाते. हिरवी अर्थिंगची वायरही जोडा.

पाती जमिनीपासून सुमारे आठ फुटांवर आणि छतापासून फूटभर खाली असावीत. पंखा डुलत असेल, तर पात्यांचे स्क्रू तपासा.

वायरिंगची माहिती नसेल, तर परवानाधारक वायरमनलाच बोलवा.