वारशात आलेलं रिव्हॉल्व्हर

घरातला परवानाधारक वारतो, दिवसकार्य आटोपतं, कपाट उघडलं जातं आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर हाती लागतं. हे कुठलं आणि याचे किती येतील, असे दोन प्रश्न लगेच निघतात. पण त्याआधी एक काम आहे. परवाना माणसाच्या नावावर असतो. तो माणूस गेला की हत्यार तसंच घरात ठेवता येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या २१व्या कलमाप्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं असतं. ते भरलेलं आहे असं धरूनच चाला. ठाण्याला कळवा आणि जाणकाराकडून रिकामं करून घ्या.

जमा केलं म्हणजे गेलं, असं नाही. वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो, किंवा तसा परवाना असलेल्या माणसाला ते विकता येतं. मुदतीत काहीच केलं नाही, तर मात्र ते सरकारजमा होऊ शकतं. ‘एवढ्या जुन्याला कसला परवाना?’ असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. नुसत्या वयाने सूट मिळत नाही. दुरुस्त करूनही ज्यातून गोळी सुटणार नाही, असं जुन्या घाटणीचं हत्यारच परवान्याच्या सक्तीतून वगळलेलं आहे.

आता ओळख. ती हत्यारावरच कोरलेली असते. उदाहरण म्हणून वेब्ली या ब्रिटिश कंपनीचं ‘मार्क सहा’ घेऊ. १९१५ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेलं, सहा इंच नळीचं, हातात घेताच किलोभर वजन जाणवणारं हे रिव्हॉल्व्हर. डाव्या बाजूची कळ दाबली की नळी पुढे झुकते आणि सिलिंडरमधली काडतुसं आपोआप वर उचलली जातात. अंगावर कारखान्याचं नाव, मार्क आणि बहुधा सालही सापडतं. बाणाच्या टोकासारखी खूण असेल, तर तो ब्रिटिश सरकारचा माल. तसेच दोन बाण टोकाला टोक लावून असतील, तर सरकारने ते विकून टाकलेलं.

याखेरीज चाचणीच्या खुणा असतात. बर्मिंगहॅमला १८१३ सालापासून एक चाचणीघर आहे. तिथे प्रत्येक हत्यारातून नेहमीपेक्षा जबर दारूचं काडतूस उडवून पाहतात आणि ते टिकलं तरच शिक्का बसतो. मुकुटाखाली ‘एनपी’ ही रोमन अक्षरं दिसली, की चाचणी १९०४ नंतरची. लंबगोलात ‘ईएलजी’ आणि तारा असेल, तर हत्यार बेल्जियममधल्या लीजचं. मग मुठीवर कितीही इंग्रजी थाट असू द्या. खुणांबरोबर घडणही पाहा. एनफिल्ड या ब्रिटिश कारखान्याच्या ०.३८ बोअरच्या एका प्रकाराला घोड्याचं मागचं टोकच नसतं. घरच्यांना वाटतं, ते मोडलं. मुळात १९३८पासून ते तसंच बनवलं जाई, कारण रणगाड्यात शिरता-उतरताना ते टोक अडकायचं.

नंबर मात्र सगळ्यांत मोलाचा. इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात एक कोल्ट पिस्तूल इतर हत्यारांमध्ये पडून होतं. अंगावर रंगाचा थर होता. रंग खरवडल्यावर १६८८९६ हा नंबर दिसला आणि तो साँडर्स या पोलिस अधिकाऱ्याच्या हत्येच्या खटल्यातल्या नोंदीशी जुळला. लाहोरला डिसेंबर १९२८मध्ये भगतसिंगांनी वापरलेलं, आपले खेडचे राजगुरू ज्या प्रसंगात सोबत होते त्या प्रसंगातलं ते पिस्तूल! नंबर आणि कागद एकमेकांना भेटले नसते, तर ते आजही रंगवलेलं जुनं लोखंडच राहिलं असतं. म्हणून आजोबांचं परवान्याचं पुस्तक, दुकानाचं बिल, पलटणीची कागदपत्रं फेकू नका. ‘आजोबांना साहेबाने बक्षीस दिलं होतं’ या सांगण्याला कागदाशिवाय बाजारात किंमत नाही.

आणि कृपा करून घासू नका! पोलादावरची मूळची निळसर-काळी झिलई एकदा पॉलिश पेपरने गेली, की परत येत नाही. नव्याने निकेल चढवलेलं हत्यार चकचकीत दिसतं आणि संग्राहक ते खाली ठेवतो. अमेरिकेत गेलेल्या कित्येक वेब्लींचं सिलिंडर तिथली काडतुसं बसावीत म्हणून मागून घासलं गेलं. त्यांना आज अस्सल नगाची किंमत मिळत नाही.

परदेशी लिलावातले आकडे वाचून रुपयांत हिशेब करू नका. आपल्याकडे सैनिकी काडतुसं चालणारी ०.४५५ आणि ०.३८० बोअरची हत्यारं साध्या परवान्यावर मिळत नाहीत, म्हणून गिऱ्हाईक मोजकं. उलट ०.३२ बोअर नागरिकांना चालतो. विलायती हत्यारांची सर्वसाधारण आयात १९८०च्या दशकात बंद झाली, त्यामुळे त्या बोअरचं सुस्थितीतलं जुनं वेब्ली इथे चढ्या भावाने मागितलं जातं. तेव्हा पहिल्याच दुकानदाराच्या आकड्यावर सही करू नका, दुसऱ्या विक्रेत्यालाही दाखवा. विकायचंच ठरलं, तर जुन्या कागदांच्या नकला हत्याराबरोबर द्या आणि एक संच घरी ठेवा.