मालगाडीचा वळसा

श्रोतेहो, लखनौ म्हटले की संगीतप्रेमी मराठी माणसाला पंडित भातखंडे यांनी 1926 साली तेथे उभारलेले महाविद्यालय आठवते, प्रवाशाला चारबाग स्थानकाचे घुमट आठवतात. आज मी आपल्याला त्या घुमटांपलीकडच्या रुळांच्या जाळ्याकडे नेणार आहे.

कानपूर, मुरादाबाद, बाराबंकी, सुलतानपूर आणि रायबरेली या दिशांचे लोहमार्ग लखनौत एकत्र येतात. अशा जंक्शनाची नव्याने उभारणी करणे म्हणजे भरल्या घरात राहून, ऐन पावसाळ्यात कौले चाळण्यासारखे आहे. नवी सिग्नलयंत्रणा जोडताना जुनी सोडवावी लागते. त्या मधल्या दिवसांत सांधे हाताने फिरवून कुलूपबंद करावे लागतात आणि गाड्या मंद गतीने न्याव्या लागतात. साहजिकच थोड्याच गाड्या पार होतात. उतारूंची गाडी वेळापत्रकाने बांधलेली; म्हणून वळसा बहुधा प्रथम मालगाडीच्या वाट्याला येतो.

लखनौपुरती सोय आहे. उतरेटिया, ट्रान्सपोर्ट नगर, आलमनगर या बाह्यमार्गाने चारबागची गर्दी टाळता येते. त्याहून दूरचा वळसा हवा असेल, तर बुढवलहून सीतापूरमार्गे रोझा येथे मुरादाबादचा मार्ग गाठता येतो. दक्षिणेकडे प्रयागराज-कानपूरचा मार्ग आहेच. शिवाय 2020 च्या डिसेंबरात भाऊपूर ते खुर्जा हा 351 किलोमीटरचा खास मालवाहतुकीचा टप्पा खुला झाला.

नकाशावर हे बोटाने दाखविणे सोपे आहे. पण चालकाला तो मार्ग माहीत हवा. कोठे चढ, कोठे वळण, कोणता सिग्नल कोठे, याचे ज्ञान नसेल तर वाटाड्या चालक सोबत द्यावा लागतो. एकेरी मार्गावर समोरची गाडी येईपर्यंत तिष्ठावे लागते. तेवढ्यात चालकाचे कामाचे तास संपतात आणि नवा चालक शोधावा लागतो.

कोळशाच्या एका गाडीला सुमारे 58 वाघिणी असतात. त्या विद्युतकेंद्रावर उशिरा पोचल्या, तर रिकाम्या होऊन खाणीवरही उशिराच परततात. म्हणजे आजच्या विलंबाने परवाची भरणीही अडते. अंतर थोडे वाढले म्हणून फारसे बिघडत नाही. वाघिणींचा फेरा लांबला की बिघडते.

2015 च्या जूनमध्ये इटारसीची सिग्नलयंत्रणा आगीत जळाली. शेकडो गाड्या रद्द झाल्या वा वळविल्या गेल्या, आणि घडी बसण्यास सुमारे पाच आठवडे लागले. आग सूचना देऊन येत नाही. जंक्शनाचे काम मात्र आधी ठरवूनच हाती घेता येते. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच विद्युतकेंद्रांत कोळशाचा साठा वाढविणे, वळशाच्या मार्गावर चालक तयार ठेवणे आणि रिकाम्या वाघिणींच्या परतीचा हिशेब मांडणे, ही तयारी नव्या रुळांइतकीच महत्त्वाची आहे.

श्रोतेहो, पुढे कधी आपली गाडी एखाद्या आडस्थानकावर थांबली आणि शेजारून वाघिणींची लांबलचक रांग संथपणे जाऊ लागली, तर क्षणभर त्रागा आवरावा. कोणाच्या तरी घरचा दिवा त्या वळशाने चालला असेल.