घरी येण्याचा कागद



आज मी तुम्हांला एका कागदाची गोष्ट सांगणार आहे. कागद साधाच असतो. पण तो नसला म्हणजे माणूस परदेशात अडकून पडतो. घरी आई आजारी असो, नाहीतर बहिणीचे लग्न असो, त्याला येता येत नाही.

पेण आणि रोहा तालुक्यांतली माणसे पोटासाठी बाहेर जातात, हे काही नवे नाही. पूर्वी ती मुंबईला जात. गिरणीत, नाहीतर गोदीत लागत. गणपतीला आणि होळीला घरी येत. मालकाची रजा आणि तिकिटाचे पैसे, एवढे असले की झाले. आता आपली मुले सौदी, दुबई, कुवेत, कतार, मस्कत इथे जातात. कोणी वेल्डर, कोणी फिटर, कोणी ड्रायव्हर. तिथून घरी येताना मात्र नुसते तिकीट पुरत नाही.

हे असे का? तर तो दुसऱ्याचा देश आहे. तिथे शिरायला परवानगी लागते. तिला व्हिसा म्हणतात. तिथे राहायला वेगळी परवानगी लागते. सौदीत तिच्या कार्डाला इकामा म्हणतात. आणि काही ठिकाणी तिथून निघायलाही परवानगी लागते. आपली मुले तिला खुरूज म्हणतात. शिरणे, राहणे आणि निघणे, या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. आपले लोक पहिलीची चौकशी करतात. तिसरीची कोणी करीत नाही.

माझ्याच एका विद्यार्थ्याचे सांगतो. नाव सांगत नाही. पेण-रोहा रस्त्यावरच्या एका गावचा मुलगा. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. हात कसबी होता. वेल्डिंग शिकला. २०१४ साली एका दलालामार्फत सौदीला गेला. जाण्याआधी एका कागदावर सही केली. मजकूर अरबी आणि इंग्रजी. मी पुढे विचारले, "अरे, वाचल्याशिवाय सही का केलीस?" तो म्हणाला, "गुरुजी, मागे रांग होती. लाज वाटली."

मंडळी, ती सही मीच त्याला शिकवली होती. पाटीवर गिरवून घेतली होती. पण न वाचता ती करू नये, हे शिकवायचे राहून गेले.

तिथे गेल्यावर मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला. दीड वर्ष पगार नीट आला. मग काम बंद पडले आणि पगारही थांबला. इकाम्याची मुदत संपली. ती मालकाने वाढवायची असते, त्याने वाढवली नाही. पोरगा उपाशी राहणार कुठवर? तो दुसरीकडे चोरून कामाला गेला. तेव्हा मालकाने कचेरीत कळवले की हा पळून गेला. याला तिथे हुरूब म्हणतात. झाले! आता तो रस्त्यावर दिसला तरी पकडला जाणार. आणि विमानतळावर गेला तरी सुटणार नाही.

इकडे त्याच्या आईला अर्धांगाचा झटका आला. त्याची बायको माझ्याकडे आली. दलाल तिला म्हणे, "आठ दिवसांत आणतो, थोडे पैसे द्या." मीही म्हटले, "थांबू या, माणूस ओळखीचा आहे." असे दोन महिने गेले. ही चूक माझी. ती मी तुमच्यासमोर कबूल करतो.

शेवटी ती घरची पत्र्याची पेटी घेऊन आली. तीत रेशनकार्डाखाली त्याच्या पासपोर्टाची झेरॉक्स होती. मी म्हटले, "बाय, यातला नंबर कोणता ते ठाऊक आहे?" ती म्हणाली, "गुरुजी, कागद जपून ठेवला. वाचता नाय येत."

त्या झेरॉक्सने काम केले. आपल्या सरकारची अनेक देशांत कचेरी असते. तिला वकिलात किंवा दूतावास म्हणतात. परराष्ट्र खात्याने २०१५ साली 'मदद' नावाची तक्रारीची सोय संगणकावर सुरू केली आहे. तिथे नंबर घालून आम्ही तक्रार नोंदवली. तिकडे त्याला निरोप दिला, की लपून बसू नको, वकिलातीत जा. पुढे २०१७ सालच्या मार्च महिन्यात सौदी सरकारने माफी जाहीर केली. मुदत संपलेल्यांनी ९० दिवसांत दंड न भरता आपल्या देशी जावे. वकिलातीने त्याला पासपोर्टाऐवजी एक तात्पुरता दाखला दिला. असा दाखला एकदाच, घरी येण्यापुरता चालतो.

पहिल्या पावसात तो घरी आला. आई तीन आठवड्यांपूर्वी गेली होती.

मंडळी, तेव्हापासून मी हे सांगत फिरतो. चार गोष्टी ध्यानात धरा.

पहिली गोष्ट जाण्याआधीची. जो दहावी पास नाही, त्याच्या पासपोर्टावर बहुधा एक शिक्का असतो. त्याला कामासाठी आखातातल्या देशांत जाताना आपल्या सरकारची वेगळी मंजुरी लागते. ही मंजुरी म्हणजे नसती कटकट, असे दलाल सांगेल. तसे नाही. ती तुमची ढाल आहे. तिच्यासाठी नोकरीचा करार दाखवावा लागतो. विमाही काढावा लागतो. दोन वर्षांच्या विम्याचा हप्ता २७५ रुपये आणि अपघाती मृत्यूची भरपाई १० लाख रुपये. दलाल सरकारकडे नोंदलेला आहे का, ते पाहा. नोंदलेल्या दलालाला ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर, यापेक्षा जास्त फी घेता येत नाही.

दुसरी गोष्ट. "आधी पाहुणा म्हणून जा, काम मग लावून देतो," असे कोणी म्हणाले, तर जाऊ नका. पाहुण्याच्या व्हिसावर काम करणे हा तिथे गुन्हा आहे. असा माणूस पगार बुडाला तरी तक्रार करायला कचरतो. मुदत संपली की दंड वाढत जातो.

तिसरी गोष्ट. त्या देशातून निघण्याचा नियम काय, ते आधी विचारा. हे नियम बदलत असतात. कतारने मालकाच्या निघण्याच्या परवानगीची अट २०१८ साली बहुतेकांसाठी काढली. सौदीने २०२१ च्या मार्चपासून कंपनीच्या कामगाराला स्वतः अर्ज करण्याची मुभा दिली. पण घरकाम करणारे आणि घरचे ड्रायव्हर तेव्हा तीत नव्हते. उलट कुवेतने १ जुलै २०२५ पासून खाजगी नोकरीतल्या परदेशी माणसाला मालकाची मंजुरी सक्तीची केली. मागच्या वर्षी शेजारी कसा आला, यावर विसंबू नका. आणि तिथे कोणाचे कर्ज थकले असेल किंवा कोर्टात दावा असेल, तर तो मिटल्याशिवाय सुटका होणे कठीण.

चौथी गोष्ट घरच्यांसाठी. पासपोर्ट, व्हिसा आणि करार यांची एकेक झेरॉक्स घरी ठेवा. मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तारीख जवळ आली की फोनवर विचारा, "इकामा वाढवला का?" पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. मालकाने ती दाबून ठेवणे बरोबर नाही. दाबलीच, तर वकिलातीत सांगा.

कोणी म्हणेल, आपण गरीब माणसे, सरकार आपल्यासाठी काय करणार? १९९० सालच्या ऑगस्टमध्ये इराकचे सैन्य कुवेतमध्ये शिरले. आपले लाखाहून अधिक लोक तिथे अडकले. कित्येकांजवळ पासपोर्ट नव्हते. ते वाळवंट ओलांडून जॉर्डन देशातल्या अम्मान शहरी पोचले. तिथून दोन महिन्यांत एअर इंडियाच्या विमानांनी लाखावर माणसे घरी आणली. तेव्हा हाक मारा. पण नाव, नंबर आणि तारीख सांगता आली, तर हाक लवकर पोचते.

त्या मुलाची बायको पुढे आपल्या वर्गात येऊ लागली. पहिले वाक्य वाचता आले, त्या दिवशी तिने पेटीतली ती झेरॉक्स आणली. बोट ठेवून नवऱ्याचे नाव शोधले. इंग्रजी अक्षरे होती, म्हणून अडली. मग म्हणाली, "गुरुजी, ही अक्षरेबी शिकवा." आम्ही त्या रात्री तिथूनच सुरुवात केली.

तुमच्याही घरी पेटी असेल. आज घरी गेल्यावर ती उघडा. ज्याचा माणूस बाहेर आहे, त्याने कागद काढावा आणि मुदतीची तारीख शोधावी. उद्या वर्गात येताना ती वहीत लिहून आणा. ज्याला सापडणार नाही, त्याने कागदच घेऊन यावे. आपण मिळून शोधू. त्यात लाज कसली?