मराठी वाक्प्रचार इंग्रजीच्या दारी



आजचा विषय प्राध्यापकी वाटेल, पण तो आपल्या घरातला आहे. वि. स. खांडेकर याच गावात वर्षानुवर्षे राहिले. त्यांची 'ययाति' १९५९ साली प्रसिद्ध झाली, १९७४ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांना मिळाले आणि पुढे वाय. पी. कुलकर्णी यांनी ती इंग्रजीत नेली. आजोबांनी मराठीत वाचलेले पुस्तक नातू इंग्रजीत वाचतो, अशी घरे आता कोल्हापुरातही आहेत. त्या नातवाच्या हाती आजोबांचेच पुस्तक पडते की दुसरेच, हा माझा प्रश्न आहे.

खासबागेपासूनच सुरुवात करू. 'त्याने सावकाराविरुद्ध शड्डू ठोकला' असे आपण म्हणतो. इंग्रजीत यासाठी तयार वाक्प्रचार आहे; त्याचा अक्षरार्थ, त्याने लोखंडी हातमोजा जमिनीवर फेकला. युरोपातले चिलखतधारी सरदार द्वंद्वाचे आव्हान असे देत. अर्थ चोख जुळला, पण लंगोट लावलेल्या मल्लाच्या जागी घोड्यावरचा सरदार येऊन बसला! बरे, 'मांडीवर थाप मारली' असे सरळ लिहावे, तर इंग्रज वाचकाला वाटते की गडी खदखदून हसला. तिथे 'पैलवानासारखी' एवढा एक शब्द जोडला, की माती आणि आव्हान दोन्ही वाचतात.

मग प्रत्येक वाक्प्रचारातले चित्र असेच जपावे काय? मुळीच नाही. 'पोटात कावळे ओरडताहेत' म्हणताना आपल्याला कावळा दिसत नसतो. तिथे 'कडाडून भूक लागली' एवढेच न्यावे. मात्र कल्पना करा, पंचगंगेच्या घाटावर दहाव्याचा विधी चालला आहे. कावळा पिंडाला शिवत नाही, आणि सकाळपासून उपाशी असलेल्या पोराच्या पोटात कावळे ओरडताहेत. इथे कावळा उडवून लावला तर गोष्टीचा प्राणच गेला! वाक्प्रचार तोच, पण दोन ठिकाणी त्याचे काम निराळे.

आता आपला 'पदर' घ्या. बाई पदर खोचते, म्हणजे कामाला लागते; पदर पसरते, म्हणजे याचना करते; पदरमोड करते, म्हणजे स्वतःचे पैसे खर्चते; आणि जे पदरी पडते ते पवित्र मानते. इंग्रजीत याला चार निरनिराळे शब्द मिळतील आणि चारही बरोबर असतील. पण एकाच लुगड्याने जोडलेले तिचे आयुष्य मात्र फाटून जाईल. कादंबरीच्या पहिल्या पानावर जिने पदर खोचला, तीच शेवटच्या पानावर पदर पसरत असेल, तर या दोन जागी भाषांतरकाराने खरे वस्त्र दाखवावेच. मधली पदरमोड त्याने खुशाल सोडून द्यावी.

मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला. १८९९ साली रेव्हरंड मॅनवेअरिंग यांनी मराठी म्हणी इंग्रजी भाषांतरासह छापल्या. या मंडळींचे आपल्यावर ऋण आहे. पण कोशाला थांबून समजावता येते. कथेला थांबता येत नाही. म्हणून भाषांतरकाराने 'याचा अर्थ काय' एवढे विचारून भागत नाही. 'हे चित्र या वाक्यात जिवंत आहे काय' हेही विचारावे लागते. त्याचे उत्तर पिढीगणिक बदलते. फ्रेझर आणि मराठे यांनी १९०९ ते १९१५ या काळात तुकोबांचे अभंग इंग्रजी गद्यात आणले. तरीही दिलीप चित्र्यांना ते काम पुन्हा हाती घ्यावेसे वाटले आणि १९९१ साली त्यांचे पुस्तक निघाले.

श्रोतेहो, भाषांतरकार आपले काम करील. आपलेही एक काम आहे. नातू इंग्रजी प्रत वाचत असेल तर त्याला हिणवू नका. मराठी प्रत घेऊन त्याच्या शेजारी बसा. एखाद्या ओळीपाशी थांबून सांगा, 'बाळ, इथे मुळात पदर आहे.' तो विचारील, 'पदर म्हणजे?' तेव्हा त्याला आजीकडे पाठवा.