गाईचे गाऱ्हाणे



मेहकरहून सिंदखेडराजाकडे निघाले की वाटेत सुलतानपूर लागते. येथूनच लोणारच्या सरोवराकडे रस्ता फुटतो. दूरदूरचे प्रवासी येथे वळतात आणि उल्केच्या आघाताने झालेले ते प्रचंड विवर पाहून थक्क होतात. आज मात्र मला तुम्हांला सरोवराकडे न्यायचे नाही. सुलतानपूरच्या शिवारातल्या एखाद्या साध्या कोठ्यात न्यायचे आहे. तेथे जे बिघडते ते इतके बारीक असते की कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण घराचा महिन्याचा हिशेब त्यापायी कोलमडतो.

आपला हा मुलूख बहुतेक कोरडवाहू. सोयाबीन, कपाशी, तूर. पाणी असले तर हरभरा. शेतीचा पैसा वर्षातून एकदोन वेळा तोंड दाखवतो, आणि पावसाने डोळे वटारले तर तेवढाही नाही. मधल्या दिवसांत किराणा, मुलांच्या वह्या, म्हाताऱ्यांचे औषधपाणी कशावर चालते? ज्या घरी दुभते जनावर आहे, तेथे ते दुधावर चालते. म्हणून गाईचे आरोग्य हा केवळ गाईचा प्रश्न नव्हे; तो चुलीचा प्रश्न आहे.

समजा, अशा एका घरी संकरित गाय आहे. दोन्ही वेळचे मिळून 8 लिटर दूध देत होती. हळूहळू ती 7 लिटरांवर आली. चारा तोच, ढेप तीच. अंगात ताप नाही, कास सुजलेली नाही, दूध दिसायला पांढरेशुभ्र. घरातली म्हातारी म्हणते, "दृष्ट लागली माय गाईला!" मालक म्हणतो, "वेत सरत आलं असंल." शेजारी सल्ला देतो, "विकून टाका, दुसरी घ्या." आणि चांगली, तरणी गाय मातीमोलाने बाजारात उभी राहते.

आता हिशेब करू. रोज 1 लिटर कमी, म्हणजे 300 दिवसांच्या वेतात 300 लिटर. लिटरला 30 रुपये धरले तरी 9,000 रुपये गेले. चोर घरात शिरला असता तर आपण आरडाओरडा केला असता. हा चोर रोज दोनदा येतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

या चोराचे नाव सुप्त कासदाह. कास दगडासारखी घट्ट होते, दुधात गाठी येतात, गाय हात लावू देत नाही, तो उघड कासदाह. त्याला आपण 'दगडी' म्हणतो आणि धावपळ करतो. परंतु दगडी ही या रोगाची उघडी पडलेली बाजू झाली. सुप्त कासदाहात बाहेरून काहीच दिसत नाही. सडाच्या छिद्रातून सूक्ष्म जंतू आत शिरतात, दूध तयार करणाऱ्या पेशींचा नाश करतात आणि त्या भागाचे दूध कमी होते. एकदा निकामी झालेला भाग पुन्हा पहिल्यासारखा होणे कठीण.

मग न दिसणारे ओळखावे कसे? 1957 साली अमेरिकेत शाल्म आणि नूरलँडर या संशोधकांनी यासाठी एक सोपी चाचणी पुढे आणली. कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट या नावाने ती आज जगभर वापरतात. तिच्यामागचे तत्त्व समजण्यासारखे आहे. कासेत जंतू शिरले की शरीर त्यांच्याशी लढायला पांढऱ्या पेशी पाठवते. त्या दुधात उतरतात. अशा दुधात साबणासारखे द्रावण मिसळले की पेशी फुटतात, त्यांच्यातला डीएनए बाहेर पडतो आणि मिश्रण घट्ट, चिकट होते. निरोगी दूध मात्र पातळच राहते.

गुरुजनहो, हा प्रयोग तुमच्या वर्गात सहज होण्यासारखा आहे. तयार औषध न मिळाल्यास कपडे धुण्याची साधी पावडर 100 मिलिलिटर पाण्यात 3 ग्रॅम या प्रमाणात विरघळवावी. चार वाट्या घ्याव्यात, चार सडांसाठी चार. पहिल्या दोनतीन धारा सोडून द्याव्यात. मग प्रत्येक सडाचे थोडे दूध वेगळ्या वाटीत घेऊन तेवढेच द्रावण घालावे आणि वाटी अर्धा मिनिट गोल फिरवावी. एखाद्या वाटीत शेंबडासारखा चिकटा धरला, तर त्या सडाचे गाऱ्हाणे आहे असे समजावे. नुकत्याच व्यालेल्या किंवा आटत आलेल्या गाईत ही चाचणी फसवते, हे मात्र ध्यानात ठेवावे. प्रयोगाचे दूध फेकून द्यावे आणि वाट्या पुन्हा स्वयंपाकात घेऊ नयेत. ज्या मुलाने ही वाटी स्वतः फिरवली, तो घरी जाऊन आजीला सांगेल, "दृष्ट नाही आजी, जंतू हाय."

शंका आल्यावर औषध मनाने देऊ नये. पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. 1962 हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांकही त्यासाठीच आहे. प्रतिजैविकांचा डोस अर्ध्यावर सोडला तर जंतू मुरतात. उपचार चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध ना घरी प्यावे, ना डेअरीला घालावे. गाय आटवताना सडांत औषध भरावे का, हेही त्यांनाच विचारावे.

पण औषधापेक्षा सवय स्वस्त पडते. धार काढण्यापूर्वी हात आणि सड धुऊन कोरडे करावेत. अंगठा मुडपून सड ओढण्यापेक्षा पूर्ण मुठीने दूध काढावे. धार संपल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत. सडाचे तोंड त्यानंतर काही वेळ उघडेच असते. म्हणून लगेच तिच्यापुढे चारा टाकावा; खात उभी राहिली की शेणामुतात बसत नाही. आजारी सडाची धार सर्वांत शेवटी काढावी.

बसण्याची गोष्ट निघालीच आहे, तर थोडे पुढे जाऊ. दुभती गाय दिवसाच्या 24 तासांपैकी 10 ते 12 तास बसून काढते, असे अभ्यासकांना निरीक्षणातून आढळले आहे. ती आळशी नसते. ती त्या वेळी रवंथ करते, आणि बसल्यावर कासेकडे रक्ताचा ओघ वाढतो. 1 लिटर दूध बनण्यासाठी सुमारे 400 ते 500 लिटर रक्त कासेतून फिरावे लागते. आता सांगा, आखूड दाव्याने, खडबडीत ओल्या फरशीवर बांधलेली गाय बसेल कशी? म्हणूनच अलीकडे मुक्त संचार गोठ्याचा पुरस्कार होतो. त्याला फार खर्च लागत नाही. थोडी जागा, कडेने कुंपण, एक झाड किंवा छप्पर आणि दिवसरात्र भरलेला हौद. दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असते. आपल्या चैत्र-वैशाखात दिवसातून दोनदाच पाणी दाखवून दुधाची अपेक्षा धरणे म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडणे.

ऊन संकरित गाईंना अधिक बाधते. राहुरीच्या कृषि विद्यापीठाने 'फुले त्रिवेणी' ही गाय तयार केली. तीत होल्स्टीन फ्रिजियन, जर्सी आणि आपली गीर अशा तिघींचे रक्त आहे. दूध परदेशी जातींकडून आणि काटकपणा गीरकडून, हा त्यामागचा विचार. पण जात कितीही चांगली असो, सावली, पाणी आणि स्वच्छता यांचे काम रक्त करू शकत नाही.

आणखी एक संशोधन सांगण्यासारखे आहे. 2009 साली इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 516 दूध उत्पादकांना प्रश्न विचारले. जे आपल्या गाईंना नावाने हाक मारीत, त्यांच्याकडे गाईमागे वर्षाला सरासरी 258 लिटर दूध अधिक निघत होते. आपल्याला यात नवल वाटू नये. कपिला, तांबडी, चांदी ही नावे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नावाने दूध वाढते असे नव्हे. ज्याला नाव ठाऊक असते त्याला तिची चाल, भूक आणि डोळेही ठाऊक असतात. शिवाय घाबरलेली गाय पान्हा चोरते. काठीचा धाक असला की पान्हा उतरवणारे शरीरातले द्रव्य काम करीत नाही आणि दूध कासेतच राहते. राहिलेले दूध पुन्हा रोगाला आमंत्रण देते.

2022 साली लम्पी चर्मरोगाने महाराष्ट्रातले कोठे हादरवले. माशा, डास, गोचीड यांच्यामार्फत तो पसरत होता. लसीकरण, कोठ्याची फवारणी आणि आजारी जनावर वेळीच वेगळे बांधणे हेच त्याविरुद्धचे उपाय होते. ज्याचे आपल्या जनावराकडे रोज लक्ष असते, त्याला पहिली गाठ पहिल्या दिवशी दिसते.

तेव्हा माझे एकच मागणे आहे. घरातल्या शाळकरी मुलाकडे एक वही द्या. प्रत्येक गाईला एक पान. रोजचे दूध, खाल्ले की नाही, माजाची आणि रेतनाची तारीख, लस, औषध; महिन्यातून एकदा वाटीची चाचणी. गुरुजींनी ही वही गणिताच्या तासाला पाहावी. सरासरी आणि टक्केवारी शिकवायला याहून जिवंत उदाहरण मिळणार नाही. दूध 8 वरून 7 झाले की ते वहीत त्याच आठवड्यात दिसेल, बाजाराची वाट धरण्याच्या कितीतरी आधी.

गाईला बोलता येत नाही, ही तक्रार जुनीच आहे. खरे पाहता ती रोज बोलत असते. कधी दुधाच्या मापातून, कधी बसण्यातून, कधी पान्हा चोरून. उद्या सकाळी धार काढायला बसाल तेव्हा चरवी खाली ठेवून क्षणभर तिच्याकडे पाहा.